ढोलकीपुढचा मायक्रोफोन

सभांचे कर्णे लावण्यात आमची उमर गेली. भाषणाचाच मायक्रोफोन ढोलकीपुढे ठेवला की झाले, असे आम्हीही समजत होतो. एका शाहिरी जलशात ढोलकी ऐकू जाईना, म्हणून वादकाने जोर केला. अखेरीस त्याची बोटे सुजली. सकाळी त्याला यंत्रावर उभे राहायचे होते.

दोष हाताचा नव्हता, जागेचा होता. ढोलकीला तोंडे दोन. शाईची पुडी टणक बोलते, धुमाची घुमते. मधोमध ठेवलेल्या एकाच मायक्रोफोनला दोन्ही अर्धवट मिळतात. दोन्हींकडे एकेक हवा, डायनॅमिक जातीचा, समोरचेच अधिक ऐकणारा, पुडीपासून चार बोटांवर. फार जवळ नेला की खर्ज फुगतो. धुमाकडचा थोडा मागे घ्यावा.

पण तमाशातला ढोलकीवाला कमरेला ढोलकी बांधून फिरतो. स्टँड त्याच्यामागे धावणार कसा? शिवाय फळ्यांवरचा पायांचा दणका स्टँडमधून वर चढतो. तेथे ढोलकीलाच चिमट्याने लावायचे छोटे मायक्रोफोन बरे. ते बहुधा कंडेन्सर जातीचे. मिक्सरमधून ४८ व्होल्ट न मिळाल्यास मुके. चिमट्याखाली रबर हवे, नाहीतर खोडाचा हादरा येतो. आणि चिमटा हाताच्या वाटेत येतो का, हे वादकालाच विचारावे. कर्णेवाले सहसा विचारीत नाहीत. आम्हीही विचारले नव्हते.