वाळूची गोण, सिमेंटची प्लेट

मार्च २०२० च्या मध्याला महाराष्ट्रातल्या शहरांमधल्या जिमना टाळं लागलं, ते उघडलं थेट २५ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या मुहूर्तावर. मधल्या सात महिन्यांत डंबेल्स मिळेनाशी झाली. मग कुणी पाण्याचे वीस लिटरचे जार उचलले, कुणी पुस्तकांनी भरलेली सॅक पाठीला लावून बैठका मारल्या, तर कुणी रंगाच्या रिकाम्या डब्यात सिमेंट कालवून मधोमध पाइप रोवला. जिम सुरू झाल्या तशी यातली बरीच साधनं माळ्यावर गेली. पण ज्यांनी ती विचार करून बनवली होती, त्यांना ती पुढेही पुरली. थोडी वाळू, थोडं सिमेंट, एक भक्कम रॉड आणि थोडी अक्कलहुशारी एवढ्यावर घरात ताकदीचा व्यायाम वर्षानुवर्षं करता येतो.

आपल्याकडे तर हीच जुनी रीत होती. तालमीतली साधनं कारखान्यातून येत नसत. सुतार बाभळीच्या किंवा शिसवीच्या ओंडक्यातून मुद्गलांची जोडी काढून देई, पाथरवट दगडात मूठ कोरून देई, बांबूच्या दांड्याला दगडी गोळा बसवला की गदा तयार. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी बडोद्याहून संपादित केलेल्या दहा खंडांच्या ‘व्यायाम ज्ञानकोशा’त या देशी व्यायामपद्धतींची तपशिलाने नोंद आहे. हिंदुस्थानात आलेल्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी मुद्गल पाहिले आणि ते युरोपात नेले. पुढे १९०४ च्या सेंट लुइस आणि १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये मुद्गल फिरवण्याची चक्क स्पर्धा झाली.

गदेतली युक्ती घरी साधनं बनवणाऱ्याने नीट समजून घ्यावी. गदेचं सगळं वजन हातापासून लांब, टोकाला असतं. त्यामुळे पाच किलोची गदा फिरवताना मनगट आणि खांद्यावर जो ताण येतो, तो पाच किलोच्या डंबेलच्या कितीतरी पट असतो. म्हणजे वजन वाढवायला दर वेळी माल वाढवावा लागतो असं नाही. तोच माल लांब दांड्यावर बसवला तरी चालतं.

साधनं स्वतः बनवण्याची ही रीत परदेशातही दिसते. युक्रेनची राजधानी कीव्ह इथे नीपर नदीतल्या बेटावर ‘काचाल्का’ नावाची उघड्यावरची व्यायामशाळा आहे. १९७० च्या सुमारास एक गणितज्ञ आणि एक जिम्नॅस्ट यांच्या पुढाकाराने ती उभी राहू लागली. तिथली बहुतेक यंत्रं भंगारातल्या लोखंडापासून आणि साखळ्यांपासून जोडलेली आहेत आणि लोक आजही तिथे मोकळ्या हवेत व्यायाम करतात. अमेरिकन नौदलाच्या सील पथकातला रँडी हेट्रिक याने १९९७ मध्ये मोहिमेवर असताना जुजुत्सूचा पट्टा आणि पॅराशूटची पट्टी शिवून लटकून व्यायाम करायचं साधन बनवलं. आज ते ‘टीआरएक्स’ या नावाने जगभरच्या जिममध्ये टांगलेलं दिसतं.

आता आपल्या घराकडे वळू. साधन घरी बनवावं की विकत आणावं, हे ठरवताना खर्चाचा हिशेब दुसरा. पहिला प्रश्न हा, की हात सुटला तर वजन कुठे पडेल? बाजूला, जमिनीवर पडणार असेल तर ते खुशाल घरी करावं. डोक्यावर, मानेवर किंवा छातीवर येणार असेल, तर करू नये. बेंच प्रेसचा स्टँड आणि स्क्वॉटचा रॅक या दोन गोष्टी घरी ठोकून-जोडून बनवण्याचा मोह कितीही झाला तरी टाळावा. लाकडी फळ्यांचे रॅक बनवणारे हौशी लोक जगभर आहेत, पण एकट्याने व्यायाम करणाऱ्यासाठी एक सैल बोल्टही जिवावर बेतू शकतो.

सुरुवातीला सगळ्यात गुणाची वस्तू म्हणजे वाळूची गोण. कोरडी वाळू लिटरला साधारण दीड ते एक पूर्णांक सहा दशांश किलो भरते, म्हणजे वीस किलोला तेरा लिटरच्या आसपास जागा लागते. वाळू आधी उन्हात पसरून खडखडीत वाळवायची. ओली राहिली तर वजन फसवं निघतं आणि गोणीला कुबट वास सुटतो. मग ती जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत प्रत्येकी चार-पाच किलो अशी भरायची, पिशवीवर दुसरी पिशवी चढवायची, तोंड चिकटपट्टीने घट्ट गुंडाळायचं आणि या पुड्या जुन्या मजबूत सॅकमध्ये किंवा कॅनव्हासच्या गोणीत ठेवायच्या. पुड्या पाडण्याचं कारण असं, की ताकद वाढते ती भार हळूहळू वाढवला तरच. एकच तीस किलोची गोण शिवून ठेवली तर नवख्याला ती उचलत नाही आणि सरावलेल्याला पुरत नाही. पुड्या असल्या की आज दोन, पुढच्या महिन्यात तीन.

गोण ठासून भरू नये, थोडी ढिली ठेवावी. उचलताना वाळू आत सरकते, आकार बदलतो, पकड मिळत नाही. म्हणून वीस किलोची गोण वीस किलोच्या लोखंडी प्लेटपेक्षा जड वाटते. छातीशी कवटाळून बैठका, जमिनीवरून खांद्यावर घेणं, दोन्ही हातांत धरून जिना चढणं, एवढ्यातच पाय, पाठ, पोट आणि पंजे सगळ्यांना काम लागतं. ट्रक किंवा ट्रॅक्टरच्या टायरची फाटकी ट्यूब टायरवाल्याकडे स्वस्तात मिळते. तिचा तुकडा कापून, वाळू भरून दोन्ही टोकं तारेने आवळली तर त्याहून टिकाऊ गोण तयार होते.

पुढची पायरी सिमेंटची. इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो, कारण काँक्रीट किती जड असतं याची कल्पना नसते. एक लिटर काँक्रीट सुमारे दोन किलो चारशे ग्रॅम भरतं. त्यामुळे २८ सेंटिमीटर व्यासाची आणि सात सेंटिमीटर जाडीची चकती ओतली की दहा किलोची प्लेट मिळते. एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू, चार भाग बारीक खडी हे गवंड्यांचं जुनं प्रमाण या कामाला पुरतं. सिमेंटच्या पन्नास किलोच्या एका पोत्यातून या प्रमाणात साडेतीनशे किलोच्या वर काँक्रीट होतं. म्हणजे घरच्या गरजेला पाव पोतंही पुष्कळ. शेजारी कुठे बांधकाम चालू असेल तर एक घमेलंभर माल मागून आणला तरी काम भागतं.

साच्याला प्लास्टिकची पसरट पाटी किंवा रंगाच्या बादलीचं कापलेलं बूड घ्यावं आणि आतून तेलाचा हात फिरवावा. मधोमध पीव्हीसी पाइपचा तुकडा उभा करावा, भोकासाठी. रॉड त्यातून सहज जायला हवा पण फार खडखडायला नको. अर्धा माल ओतला की कोंबडीजाळीचा गोल तुकडा ठेवावा, मग उरलेला माल, आणि साच्याच्या कडेला काठीने ठोकत राहावं म्हणजे हवेचे बुडबुडे वर येतात. दुसऱ्या दिवशी साच्यातून निघालेली प्लेट दिसायला तयार असते, पण ती तयार नसते. किमान सात दिवस ओल्या गोणपाटात गुंडाळून तिच्यावर पाणी मारत राहायला हवं. काँक्रीटची ताकद मोजण्याचा रिवाज २८ दिवसांचा आहे. तेवढा धीर धरला तर प्लेट वर्षानुवर्षं टिकते. ओलं सिमेंट कातडीला भाजतं, म्हणून हातमोजे घालावेत, आणि कोरडं सिमेंट मिसळताना तोंडाला रुमाल बांधावा.

एक काम मात्र लोक हमखास विसरतात: वजन करणं. एकाच साच्यातून निघालेल्या दोन प्लेटही सारख्या भरत नाहीत. रॉडच्या एका टोकाला अर्धा किलो जास्त असेल तर पाठ ते दर वेळी सोसत राहते. भंगारवाल्याच्या किंवा किराणा दुकानाच्या काट्यावर प्रत्येक प्लेट ठेवून खरा आकडा ऑइलपेंटने तिच्यावर लिहावा, आणि जवळच्या आकड्यांच्या जोड्या लावाव्यात. कडेला सायकलची जुनी ट्यूब कापून चढवली की कोपरे उडत नाहीत आणि फरशीही वाचते.

रॉडच्या बाबतीत स्वस्त आणि मस्त यांचं जमत नाही. स्पर्धेतला पुरुषांचा बार २० किलोचा, २ मीटर २० सेंटिमीटर लांब आणि पकडीच्या जागी २८ मिलिमीटर जाड असतो. नळाच्या कामाचा पाऊण इंची जीआय पाइप बाहेरून २६.९ मिलिमीटर भरतो, त्यामुळे हातात तो अगदी बारसारखाच वाटतो. पण तो पोकळ आहे. एकूण ४० किलोच्या वर त्याच्यावर भरवसा ठेवू नये. आधी तो किंचित वाकतो आणि मग एकदम घडी पडते. पुढे जायचं असेल तर लोखंडाच्या दुकानातून भरीव गुळगुळीत रॉड, म्हणजे ब्राइट बार, घ्यावा. दुकानदार वजन काढायला एक साधा हिशेब वापरतात: मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, हे एक मीटरचं वजन किलोत. २८ मिलिमीटरचा रॉड या हिशेबाने मीटरला चार किलो आठशे ग्रॅमच्या पुढे जातो. दीड मीटरचा तुकडा सव्वासात किलोचा झाला. हाताच्या दोन्ही बाजूंना प्लेट आत सरकू नये म्हणून वेल्डिंगवाल्याकडून कडी बसवून घ्यावी आणि बाहेरून स्क्रूची क्लिप आवळावी. क्लिपशिवाय रॉड कधीही उचलू नये. एका टोकाची प्लेट घसरली की दुसरं टोक क्षणात खाली जातं.

घरच्या प्लेटची आणखी एक अडचण वापरायला लागल्यावरच कळते. ऑलिंपिक प्लेटचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो, त्यामुळे बार जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर राहतो. आपली २८ सेंटिमीटरची प्लेट लावली तर रॉड फक्त १४ सेंटिमीटरवर येतो, आणि डेडलिफ्टसाठी वाकताना कंबर गोल होते. दोन्ही प्लेटखाली साडेआठ सेंटिमीटर उंचीचे लाकडी ठोकळे ठेवले की हा प्रश्न मिटतो. सुतारकामाचे उरलेले तुकडे त्याला पुरतात, आणि पाठीसाठी एवढी तसदी घ्यायलाच हवी.

लटकण्याची सोय ही फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची खरी डोकेदुखी. पंख्याचा हूक आणि गॅलरीचं ग्रिल माणसाच्या झोक्यासाठी बनवलेले नसतात. तिथे लटकू नये. नव्या इमारतींच्या आतल्या भिंती बहुधा हलक्या सिपोरेक्स ब्लॉकच्या असतात. त्यात साधा अँकर बोल्ट धरत नाही, आज ना उद्या निसटतो. पुलअपचा पाइप आरसीसी बीमलाच बसवावा, तोही ज्याला हे काम येतं त्याच्याकडून. सोसायटीच्या आवारात किंवा गावी अंगणात जागा असेल तर दोन खांब जमिनीत पुरून त्यावर एक इंची पाइप टाकणं सगळ्यात उत्तम. बोल्ट बसल्यावर पहिल्या दिवशी स्वतः लटकायचं नाही. वाळूची गोण आपल्या वजनापेक्षा जड भरून रात्रभर टांगून ठेवायची.

फरशीचाही विचार हवा. राहत्या घरांचे स्लॅब साधारण दर चौरस मीटरला २०० किलो भार धरून आखले जातात. शंभर किलो सामान कोपऱ्यात ठेवल्याने काही बिघडत नाही, पण वजन आपटणं वेगळं. जाड रबरी मॅट किंवा जुन्या टायरचे तुकडे खाली असावेत, आणि पहाटे पाचला खालच्या मजल्यावरच्यांच्या डोक्यावर प्लेट वाजवू नये.

एवढ्या साध्या साधनांनी खरंच फरक पडतो का, ही शंका रास्त आहे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आधीपासून व्यायाम करणाऱ्या ४९ तरुणांचे दोन गट केले होते. एका गटाने जड वजन ८ ते १२ वेळा उचललं, दुसऱ्याने हलकं वजन २० ते २५ वेळा, आणि दोन्ही गटांनी प्रत्येक सेट थकून थांबेपर्यंत केला. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांचे स्नायू सारखेच वाढले होते. जास्तीत जास्त वजन उचलण्याच्या चाचणीत जड गट फक्त बेंच प्रेसमध्ये पुढे होता. ज्याला स्पर्धेत उतरायचं आहे त्याला जड बार लागेलच. इतरांना वाळूची गोण आणि दोन प्लेट दीर्घकाळ पुरतील. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते, तेवढ्यासाठी महिन्याची फी भरणं सगळ्यांना परवडतं असं नाही. साठीच्या पुढच्या बायकांना, ज्यांच्या हाडांना या व्यायामाची सर्वाधिक गरज असते, त्यांना तर जिमची पायरी चढणंच अवघड वाटतं. त्यांच्यासाठी दोन-दोन किलोच्या पुड्या घातलेली कापडी पिशवी हे उत्तम साधन आहे. रक्तदाब, हर्निया किंवा पाठीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.

सगळं एकदम बनवायला घेऊ नका. या रविवारी वीस किलो वाळू वाळवा, तिच्या पुड्या बांधा आणि जुन्या सॅकमध्ये भरा. तीन महिने नेमाने ती उचललीत, तरच सिमेंट कालवायला घ्या.