चाचणी मुलाची, की शाळेची?

पालकांच्या ग्रुपवर ‘परीक्षा आहे’ एवढाच मेसेज येतो आणि घरात तयारी सुरू होते. पण कोणती परीक्षा? प्राथमिक शाळेतल्या मुलासमोर तीन वेगळ्या चाचण्या येऊ शकतात.

शिष्यवृत्ती परीक्षा सर्वांत जुनी. पुण्याची राज्य परीक्षा परिषद ती घेते. दोन पेपर, प्रत्येकी १५० गुण. तिचं काम निवड करण्याचं, त्यामुळे यादीत नाव नसलं म्हणजे मूल कच्चं असं होत नाही.

‘परख’ हे देशपातळीवरचं सर्वेक्षण. ४ डिसेंबर २०२४ रोजी तिसरी, सहावी आणि नववीच्या सुमारे २१ लाख मुलांची चाचणी झाली. तिसरीच्या ५५ टक्के मुलांनाच ९९ पर्यंतच्या संख्या क्रमाने लावता आल्या. इथे एकेका मुलाचा निकाल लागत नाही, चित्र कळतं ते जिल्ह्याचं आणि राज्याचं. त्यासाठी मुलांकडून सराव करून घेणं म्हणजे ताप मोजण्याआधी थर्मामीटर बर्फात ठेवणं.

पालकांच्या खऱ्या कामाची तिसरी. नियतकालिक मूल्यांकन चाचणी, शाळेच्या भाषेत ‘पॅट’. जागतिक बँकेच्या मदतीने चाललेल्या ‘स्टार्स’ प्रकल्पातून ती २०२३-२४ मध्ये राज्यात सुरू झाली. विषय तीन: प्रथम भाषा, गणित, इंग्रजी. आधी पायाभूत चाचणी, मग सत्रांच्या शेवटी संकलित. प्रश्नपत्रिका राज्याकडून येते, तपासतात शाळेतलेच शिक्षक, गुण ऑनलाइन भरले जातात. ते सढळ हाताने दिले, तर मूल कुठे अडतंय हेच झाकलं जातं.

नाशिक जिल्ह्यात यात आणखी एक पेच आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवर अनेक घरांत कोकणा किंवा वारली बोलतात. प्रमाण मराठीची गाठ शाळेतच पडते. अशा मुलाला ४२ वजा १७ जमतं, पण तेच ‘शिल्लक किती राहिले?’ असं शाब्दिक उदाहरणात विचारलं की पेन थांबतं. गणिताचे गुण गेले, चूक मात्र भाषेची. एकूण गुणांच्या आकड्यातून हा फरक दिसत नाही, उत्तरपत्रिकेतून दिसतो.

म्हणून पालकसभेत ‘किती गुण पडले?’ एवढ्यावर थांबू नये. ‘पॅट’ची तपासलेली उत्तरपत्रिका पाहायला मागावी. कोणते प्रश्न सुटले नाहीत, ते वाचता आले होते का आणि पुढच्या चाचणीपर्यंत वर्गात त्यावर काय करणार, हे बाई-गुरुजींना विचारावं.