ड्रोनच्या कॅमेऱ्याचे गिंबल : दोष व उपाय

कृष्णाकाठचा ऊस असो वा तासगावकडील द्राक्षबाग, छायाचित्रणाच्या लहान ड्रोनने तिची पाहणी आता करता येते. ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ च्या महापुरांनी सातारा-सांगलीस अशा चित्रांची निकड पटवून दिली आहे. परंतु ऐन वेळी चित्र कलते वा थरथरते. दोष बहुधा गिंबलमध्ये असतो.

कॅमेरा लहान मोटारींच्या साहाय्याने तोलून धरणारी योजना म्हणजे गिंबल. ड्रोन सुरू करताच कॅमेरा आपोआप फिरून आपली जागा शोधतो. त्या वेळी वाहतुकीचे आवरण तसेच राहिले असेल, किंवा पाचटाची काडी आड आली, तर मोटारींवर ताण पडून धोक्याची सूचना उमटते. म्हणून खोडव्यातून उड्डाण करू नये. सपाट फळी ठेवावी.

अडथळा नसूनही चित्र कलत असेल, तर ड्रोन समतल जागी ठेवून अ‍ॅपमधून गिंबलची जुळणी करावी. ती संपेपर्यंत हात लावू नये. चित्र लाटेसारखे डुलत असल्यास पंख्यांची पाती व कॅमेऱ्याचे रबरी गट्टे तपासावेत. फाटका गट्टा चिकटवू नये, बदलावा. धूळ मऊ, कोरड्या ब्रशने झाडावी. तेल मात्र मुळीच घालू नये. गाडीच्या आसाची सवय येथे घातक ठरते.

ड्रोन बंद करून कॅमेरा बोटाने हलकेच फिरवावा. अडकल्यास दांडी वाकली असण्याचा संभव असतो. मोकळा फिरूनही, सुरू केल्यावर तो मान टाकत असेल, तर आतील फितीसारखी तार तुटली असावी. ती गावात न उघडता दुरुस्ती केंद्राकडे पाठवावी.