निळ्या धुराकडे दुर्लक्ष नको

नवी गाडी घेतली की वर्धेकरांना समृद्धी महामार्ग खुणावतो. येळाकेळीला चढायचे आणि ताशी १२० चा वेग धरायचा! गाडी ताकदवान स्पोर्ट्स कार असेल तर मोह अधिकच. पण नवे इंजिन लगेच त्यासाठी तयार नसते.

सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर मुद्दाम बारीक रेघा ठेवलेल्या असतात. पिस्टनच्या रिंगा त्यावर घासून नीट बसेपर्यंत थोडे ऑइल वर शिरते आणि पेट्रोलबरोबर जळते. बीएमडब्ल्यूच्या ‘एम’ गाड्या पहिले २,००० किलोमीटर जपून चालवायला सांगतात, त्या याचसाठी. या काळात इंजिन फार ताणू नये, तासन्‌तास एकाच वेगावरही ठेवू नये. ऑइल थोडे उतरले तर घाबरू नका; मात्र पातळी तपासत राहा.

पुढेही ऑइल झपाट्याने कमी होत असेल, निळसर धूर येत असेल, तर प्रश्न केवळ खिशाचा नाही. जळणाऱ्या ऑइलमधील फॉस्फरसमुळे धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हळूहळू निकामी होतो आणि कार्बन मोनॉक्साइड अधिक बाहेर पडतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकेदुखी, मळमळ, चक्कर ही सुरुवातीची लक्षणे.

कन्व्हर्टर तापेपर्यंत नव्या गाडीचा धूरही घातकच. म्हणून बंद गॅरेजमध्ये इंजिन सुरू ठेवू नका. निळा धूर दिसला तर गाडी मेकॅनिककडे न्या. धुरात डोके जड झाले तर आधी मोकळ्या हवेत या आणि लगेच रुग्णालय गाठा.