क्रीडा कीं द्यूत?

सन २०२५ च्या जून महिन्यांतील गोष्ट. रात्र बरीच झाली असतां माजघरांतून आरोळी ऐकूं आली म्हणून उठून गेलों, तों आमचा थोरला नातू संगणकापुढें बसलेला. अमेरिकेंतील ऑस्टिन शहरीं काउंटर-स्ट्राइक या खेळाचा अंतिम सामना चालला होता. एका बाजूस व्हायटॅलिटी हा युरोपांतील नामांकित संघ, तर दुसऱ्या बाजूस सुमारें ३५ लक्ष वस्तीच्या मंगोलियांतील पांच तरुण. तेवढ्यांत मुलाचे वडीलही उठून आले. "अण्णा, बारावीचें वर्ष आहे, तुम्हीच याला कांहीं सांगा," असें म्हणून त्यांनीं निवाडा माझ्याकडे सोंपविला.

निवाडा माझ्या जिभेवर तयारच होता. परंतु उत्तरपत्रिका न वाचतां गुण देणें हें तीस वर्षें मास्तरकी केलेल्या माणसास शोभत नाहीं. म्हणून पुढील पंधरा दिवस मीं नातवासच गुरु केलें. त्यांतून जें कळलें तें वाचकांपुढें ठेवीत आहें. कारण हा प्रश्न आज घरोघर उभा आहे.

१९९९ सालीं मिन्ह ले व जेस क्लिफ या दोघा तरुणांनीं हाफ-लाइफ नांवाच्या दुसऱ्या खेळांत फेरफार करून हा खेळ हौसेखातर रचला. पुढील वर्षीं व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीनें तो आपलासा करून विक्रीस काढिला. पांच विरुद्ध पांच असा हा सामना. एक पक्ष ठराविक जागीं बाँब ठेवूं पाहतो. दुसरा त्यास अडवितो किंवा ठेवलेला बाँब निकामी करितो. प्रत्येक डाव दोन-तीन मिनिटांत आटोपतो आणि हल्लींच्या नियमांप्रमाणें प्रथम तेरा डाव जिंकील त्या पक्षाची सामान्यतः सरशी होते. पडलेला गडी, हुतूतूंत बाद झालेल्या गड्याप्रमाणें, डाव संपेपर्यंत बसून राहतो. शस्त्रें डावागणिक विकत घ्यावीं लागतात. तेव्हां या डावांत काटकसर करावी कीं होतें नव्हतें तें खर्चावें, हें पांचांनीं एकमतानें ठरवावें लागतें. एकट्याचें शौर्य तेथें फार वेळ टिकत नाहीं. एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांस हें निराळें सांगावयास नको.

या सामन्यांची वाढ मात्र थक्क करणारी आहे. २०१२ सालीं खेळाची नवी आवृत्ति निघाली आणि २०१३ च्या नोव्हेंबरांत स्वीडनमधील यन्शोपिंग गांवीं पहिली 'मेजर' स्पर्धा भरली. १६ संघ आणि एकूण पारितोषिक २,५०,००० डॉलर. विजेता संघ फ्नॅटिक. २०१६ सालीं कोलंबस येथें हीच रक्कम १० लक्ष डॉलर झाली आणि ब्राझीलच्या तरुणांनीं बाजी मारली. २०२० सालीं महामारीमुळें मेजर भरलीच नाहीं. पुढील वर्षीं स्टॉकहोम येथें २० लक्ष डॉलरांची स्पर्धा झाली, ती युक्रेनमधील एका संस्थेच्या संघानें जिंकली. २०२४ सालीं मेजर प्रथमच आशियांत, शांघाय येथें, आली आणि ऑस्टिनला तर ३२ संघ उतरले होते.

पण आरंभीं हा पैसा आला कोठून? येथें माझ्या मनास ठेंच लागली. २०१३ च्या ऑगस्टांत कंपनीनें खेळांतील बंद पेट्यांच्या किल्ल्या विकण्यास आरंभ केला. किल्ली घेऊन पेटी उघडावी, आंत बंदुकीचा रंगीत साज निघावा; तो कवडीमोलाचा कीं हजारोंचा हें सर्वस्वी दैवावर! त्या विक्रीच्या आधारेंच पहिल्या मेजरचें पारितोषिक उभें राहिलें. पुढें या साजांवर पैजा लावणारीं संकेतस्थळें इतकीं माजलीं कीं २०१६ सालीं कंपनीसच त्यांना नोटिसा धाडाव्या लागल्या. २०१८ सालीं बेल्जियममध्यें असल्या पेट्या जुगारांत मोडतात असा निर्णय झाला. धर्मराजाचे फासे आणि ही किल्ली यांत मलाही फारसा भेद दिसेना.

लोभाचीं फळें खेळाडूंनाही भोगावीं लागलीं आहेत. ठरवून सामना हरल्याबद्दल २०१५ सालीं कांहीं अमेरिकन खेळाडूंवर मेजरची दारें बंद झालीं. २०१८ सालीं शांघाय येथील दुसऱ्या एका स्पर्धेंत एक भारतीय खेळाडू ऐन सामन्यांत लबाडी करतांना पकडला गेला. संघ बाद झाला आणि पुढें मोडलाही. एकाचें पाप, चौघांना शिक्षा.

आपल्या देशानें २०२५ च्या ऑगस्टांत जो कायदा केला त्यांत हाच भेद मानला आहे: पैशाच्या ऑनलाइन खेळांस मनाई, आणि ई-स्पोर्ट्सला क्रीडा म्हणून मान्यता.

माझा अभ्यास संपला तेव्हां मीं नातवास विचारलें, "तूं कधीं पेटी उघडलीस का रे?" तो बराच वेळ खालीं पाहत राहिला. दुसऱ्या एका खेळांत, ज्याचें नांव देण्याचें येथें प्रयोजन नाहीं, मुंजींत मिळालेल्या पैशांपैकीं चार हजार रुपये त्यानें असेच उडविले होते आणि आईला त्याचा पत्ता नव्हता. मीं रागावलों नाहीं. मात्र त्याच संध्याकाळीं आईजवळ कबुली देवविली. मग निवाडा सांगितला: बारावीची परीक्षा होईतों रोज पाऊण तास, रात्रीं दहानंतर नाहीं, पेटी कधींच नाहीं, आणि मोठा अंतिम सामना असेल तेव्हां घरांतील एका वडील माणसानें शेजारीं बसावें.

ऑस्टिनच्या त्या रात्रीं मंगोलियाचे तरुण दोनास एक असे हरले. "आजोबा, हरले तरी त्यांना मान खालीं घालावी लागली नाहीं," असें नातू तेव्हां म्हणाला होता. पेटीची कबुली देतांना त्याची स्वतःची मान खालीं होती, हें मीं त्यास मागाहून दाखवून दिलें. क्रीडा आणि द्यूत यांतील अंतर ओळखण्यास याहून निराळी खूण आमच्या घरास लागली नाहीं.

शेजारीं बसण्याचें काम अर्थातच माझ्याकडे आलें आहे.