भरती, पाऊस आणि फ्लॅप गेट : नियंत्रण प्रणालीची ओळख

आज आपण नियंत्रण प्रणाली, म्हणजे कंट्रोल सिस्टीम, समजून घेणार आहोत. समीकरणं पुढच्या वेळी. आज आपल्या पनवेल परिसरातलंच उदाहरण घेऊ.

सुरुवात सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीपासून करू. वॉचमन रोज सकाळी अर्धा तास पंप चालवतो. टाकी भरली की नाही, हे पंपाला कळत नाही. पाणी कमी वापरलं असेल तर टाकी वाहते, जास्त वापरलं असेल तर अर्धीच राहते. ही झाली ओपन लूप प्रणाली. आता टाकीत फ्लोट स्विच बसवला. पाण्याची पातळी हे आउटपुट. तिची खबर पंपाकडे परत गेली, हा फीडबॅक. हवी ती पातळी आणि प्रत्यक्ष पातळी यांतला फरक म्हणजे एरर. एरर बघून पंप चालू-बंद होतो. ही क्लोज्ड लूप.

इथे एक बारकावा आहे. पंप ज्या पातळीला बंद होतो त्याच पातळीला चालूही केला, तर तो सारखा चालू-बंद होईल आणि मोटर तापेल. म्हणून या दोन पातळ्यांत मुद्दाम अंतर ठेवतात. यालाच हिस्टेरेसिस म्हणतात.

आता कळंबोलीला जाऊ. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि खाडीकाठच्या सखल जमिनीवर नवी मुंबईचे अनेक नोड उभे राहिले. पावसाचं पाणी साठवायला तिथे धारण तलाव, म्हणजे होल्डिंग पाँड, केले. तलावाच्या खाडीकडच्या तोंडाला फ्लॅप गेट असतात : वर बिजागरी, खाली लोंबती झडप. तलावातलं पाणी खाडीपेक्षा उंच झालं की दाबाने झडप उघडते आणि पाणी बाहेर जातं. भरती आली की खाडीचं पाणीच ती दाबून बंद करतं. वीज नाही, वेगळा सेन्सर नाही. मोजणं, तुलना करणं आणि कृती करणं, तिन्ही कामं एकच झडप करते!

मग पाणी तुंबतं कशामुळे? भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी पुन्हा येते. नेमकं गेट बंद असताना जोराचा पाऊस आला, तर ते पाणी तलावातच मावलं पाहिजे. पाऊस हा आपल्या हाताबाहेरचा डिस्टर्बन्स. गाळाने तलाव उथळ झाला असेल तर साठायला जागाच उरत नाही. सगळे पंप पूर्ण क्षमतेने चालू असूनही येणारं पाणी जास्त असेल, तर कंट्रोलर कितीही हुशार असला तरी काय करणार? याला सॅच्युरेशन म्हणतात. आणि झडपेत ओंडका किंवा प्लास्टिक अडकलं, तर ती मिटत नाही. भरतीचं पाणी उलट आत शिरतं.

म्हणजे लूप कागदावर बरोबर असून भागत नाही. त्यातला प्रत्येक भाग काम करायला हवा. मे महिन्यात गाळ काढणं हा नियंत्रण प्रणालीचाच भाग आहे, हे आज आपण लक्षात ठेवू.