लाल मडक्यावरची काळी रेघ

तेहतीस वर्षांच्या नोकरीत मी एकच तक्ता पुन्हा पुन्हा काढत आलो. १९८६ साली शिरूर तालुक्यातल्या एका हायस्कुलात चित्रकला शिक्षक म्हणून लागलो, तेव्हा पहिल्याच महिन्यात कार्डशीट एकाला एक चिकटवून तो भिंतीवर लावला होता. डाव्या टोकाला गुहाचित्रं, मग इजिप्त, ग्रीस, प्रबोधनकाळ, वास्तववाद, दृक्प्रत्ययवाद, घनवाद, अतिवास्तववाद आणि उजव्या टोकाला अमूर्त. मधे लाल खडूनं काढलेले बाण. भारतासाठी खाली वेगळी पट्टी होती, अजिंठ्यापासून मुंबईच्या जे.जे. स्कूलपर्यंत, आणि ती वरच्या पट्टीला कुठंच भेटत नव्हती. पुण्यात ए.टी.डी. ही चित्रकला शिक्षकाची पदविका करताना कलेचा इतिहास मी असाच पाठ केला होता. एक वाद थकतो, दुसरा उभा राहतो, चित्रकला एकेक पायरी वर चढते.

तक्ता उन्हानं विटला, कोपऱ्यात फाटला की नवा करायचा. २०१९मध्ये दौंड तालुक्यातल्या शाळेतून निवृत्त झालो, तेव्हा जुने सगळे तक्ते गुंडाळी करून घरी आणले. गेल्या दिवाळीत माळा आवरताना ती गुंडाळी सोडली. ते कागद ओळीनं अंथरल्यावर दिसलं की प्रत्येकावर काहीतरी हललेलं आहे. काय हललं आणि कशानं, ते आता सांगता येईल असं वाटतं.

पहिला बदल टाकळी हाजीच्या सहलीनंतरचा. कुकडी नदीच्या एका काठाला आमचं टाकळी हाजी, पलीकडं पारनेर तालुक्यातलं निघोज, आणि मधे काळ्या कातळात पाण्यानं व पाण्याबरोबर गरगरणाऱ्या गोट्यांनी घोटून केलेले रांजणखळगे. मुलांना म्हटलं, समोर दिसतं ते काढा. तासाभरानं पाहिलं तर सगळ्यांच्या वहीत नुसता दगड. खळगा म्हणजे दगडावर पडलेला काळा डाग. मग सांगितलं, "दगड विसरा. फक्त रिकामी जागा काढा, तिची कड काढा." दुसऱ्या खेपेला दगड आपोआप उभा राहिला. हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराच्या आकृतींना आरपार पोकळ्या असतात, हे मी वर्गात चार-पाचदा तरी शिकवलं असेल. तो कामाच्या जागी गारगोट्या आणि हाडं गोळा करून ठेवायचा, हेही सांगितलं असेल. पण पोकळी हासुद्धा आकार असतो, हे मला स्वतःला त्या दिवशी कुकडीच्या पात्रात उमगलं. घरी येऊन मूरच्या नावाखाली पेन्सिलनं 'रांजणखळगे' लिहिलं. तो शब्द पुढच्या प्रत्येक तक्त्यात राहिला.

बदली होऊन दौंड तालुक्यात आलो आणि भुलेश्वर जवळ आलं. हद्द पुरंदरची, पण जायचं यवतवरून, त्यामुळं आम्हाला ते आपलंच वाटतं. लांबून पाहिलं तर ते देऊळ वाटत नाही. गोल घुमट, मनोऱ्यांसारखी टोकं, भोवती बुरूज. आत अंधाराला डोळे सरावले की यादवकाळातलं काळ्या दगडाचं कोरीवकाम दिसू लागतं. रामायण-महाभारतातले प्रसंग, सुंदऱ्या, हत्ती, आणि गणपतीचं स्त्रीरूप. कितीतरी मूर्तींचे चेहरे फोडलेले आहेत, तरी कमरेचा बाक आणि पावलाचा तोल शाबूत आहे. हे तेराव्या शतकातलं. बाहेरचे बुरूज दौलतमंगळ किल्ल्याचे. आदिलशाही सरदार मुरार जगदेव यानं तो १६३४च्या सुमाराला बांधला. वरचं चुन्या-विटांचं काम त्याहून नंतरचं, मराठेशाहीतलं.

माझ्या तक्त्याच्या हिशेबानं हे तीन वेगवेगळे चौकोन, आणि त्यांच्यामधे दोन बाण. प्रत्यक्षात एकाच छपराखाली तिन्ही नांदतात, आणि पुजारी रोज पहाटे तिन्हींतून चालत गाभाऱ्यात जातो. यादवांचा दगड संपला म्हणून चुना आला, असं काही झालेलं नाही. दगड तिथंच आहे, चुना त्याच्या डोक्यावर आहे. त्या वर्षीच्या तक्त्यात मी चौकोन एकमेकांवर चढवले. तपासणीला आलेल्या साहेबांना ते गिचमीड वाटलं. मला मात्र पहिल्यांदाच काहीतरी खरं काढल्यासारखं वाटत होतं.

पण ज्यानं तक्ता मुळापासून उखडला, ते इनामगाव. ते माझ्या पहिल्या शाळेपासून सायकलनं जाण्याच्या अंतरावर होतं, आणि सुरुवातीची तीन वर्षं मी तिकडं फिरकलोही नव्हतो. घोडनदीच्या काठची ती पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीची जागा, डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात खणली. ह. धी. सांकलिया, झेड. डी. अन्सारी, म. के. ढवळीकर यांनी तिथून इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातलं एक अख्खं खेडं वर काढलं. शंभरावर घरं, चुली, बळदं, कुंभाराची भट्टी, घरातच जमिनीखाली केलेली पुरणं. मी गेलो तेव्हा खणलेले चर बुजले होते आणि बघायला शेतच होतं. मडकी पाहायला पुण्याला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात जावं लागलं.

तिथं जोर्वे पद्धतीची भांडी आहेत. संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून हे नाव पडलं. चाकावर घडवलेली, खणखणीत भाजलेली, लालसर अंगाची, आणि अंगावर काळ्या रंगात रेघा, तिरप्या जाळ्या, त्रिकोण. काहींना लांब तोटी. तोटीची ऐट आजच्या कुठल्याही कुंभाराला हेवा वाटावा अशी. त्यांच्या शेजारी उत्तर जोर्वे काळातली, म्हणजे इ.स.पू. १०००नंतरची भांडी. जाडीभरडी, घडण सैल, रेघा मोजक्या. अभ्यासकांनी कारण दिलं आहे: हवामान कोरडं होत गेलं, शेती हटली, प्रशस्त चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, माणसं जनावरं घेऊन भटकू लागली. मी वहीत तेव्हा एकच शब्द टिपला: ऱ्हास.

गाडीत बसलो आणि तो शब्द टोचू लागला. १९७२च्या दुष्काळात मी अकरा वर्षांचा होतो. वडील खडी फोडायला जात. घरात मिलोच्या भाकरी, शाळेत सुकडी. आमची बैलजोडी बाजारात मातीमोल भावानं गेली होती. पोळा आला तेव्हा आईनं आटलेल्या विहिरीच्या तळातून चिकणमाती आणली आणि पाटावर पाच बैल केले. भाजायला जळण कुठलं, कच्चेच ठेवले. बैलांचे पाय चार खुंट्यांसारखे, तोंड नुसतं चिमटीनं ओढलेलं. एरवी तिचा हात फार सुबक होता, पण त्या वर्षी अंगात त्राण नव्हतं. तरी तिनं काडी चुन्यात बुडवून प्रत्येक शिंगावर एक पांढरी रेघ ओढली. शेजारणीनं विचारलं तर म्हणाली, "बैल न्हाईत म्हणून पोळा चुकवायचा व्हय?"

त्या बैलांना मी ऱ्हास म्हणेन का? मग उत्तर जोर्वे काळात, पाऊस फिरलेला असताना, ज्या बाईनं किंवा बाप्यानं जाडसर मडक्यावर काळी रेघ ओढली, त्या रेघेला मी तसं कसं म्हणू? पोटाला नसताना रेघ ओढणं हे सुकाळातल्या तोटीच्या ऐटीपेक्षा मला मोठं वाटतं. हे शास्त्रीय मत नाही, पण ते मी सोडायला तयार नाही.

इनामगावातच एका घराच्या जमिनीखाली मातीची झाकणाची पेटी सापडली. पेटीत कच्च्या मातीची बिनडोक्याची देवी होती, आणि तिच्यासोबत बैल. देवीच्या पोटाला भोक, बैलाच्या पाठीला भोक. मधे काडी घातली की ती बैलावर बसते. तिला नाक-डोळे नाहीत, बोटं नाहीत, बाई आहे हे कळण्यापुरतीच घडण. तक्त्यात उजव्या टोकाला, विसाव्या शतकात, 'अमूर्त' हा जो शब्द मी अभिमानानं लिहीत होतो, त्याचा निम्मा अर्थ या पेटीत तीन हजार वर्षांपूर्वी होता. पिकासो १९०७च्या सुमाराला आफ्रिकेतले मुखवटे पाहून हादरला, तो उगाच नव्हे.

त्यानंतर मी मुलांना वाद शिकवताना आधी विचारू लागलो: तेव्हा पाणी किती होतं, रंग कशात मिळायचा, पैसा कोणाकडं होता? दृक्प्रत्ययवाद्यांचं पहिलं प्रदर्शन पॅरिसला १८७४ साली भरलं. त्याआधी १८४१ मध्ये जॉन रँड या चित्रकारानं रंगाची कथलाची नळी शोधली नसती, तर त्यांच्यातला मोने उघड्यावर जाऊन पाण्यावरचं ऊन रंगवता ना. खिशात मावणारी नळी कळली की मुलांना तो अवघड शब्द कळायचा.

दौंडात मला एक गुरू भेटला, तो बोर्ड रंगवणारा पेंटर. रेल्वेचं गाव, त्यामुळं दुकानं भरपूर. शिवाय चौफुल्याच्या कलाकेंद्रांचे फलक, तमाशाच्या ट्रकांवरची नावं, जत्रेच्या कमानी. नऊवारीच्या निऱ्यांवर तो उजेड असा टाकायचा की कापड सळसळावं. हे कुठं शिकलात विचारलं तर म्हणाला, "कॅलेंडरावरून." कॅलेंडरं कुठून आली? राजा रविवर्म्यानं युरोपीय तैलचित्रांची रीत उचलली, १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढं आमच्याच पुणे जिल्ह्यात मळवलीला गेला, आणि तिथल्या छापील लक्ष्मी-सरस्वती घरोघरी भिंतीवर टांगल्या गेल्या. म्हणजे युरोपातल्या प्रबोधनकाळापासून निघालेली एक वाट थेट दौंडातल्या लावणीच्या फलकापर्यंत आली होती. माझ्या तक्त्यात तिला जागाच नव्हती. खालच्या पट्टीतून वरच्या पट्टीत पहिली रेघ मी तेव्हा ओढली. दुसरी रेघ चित्रकार हुसेन यांची. याच भीमेच्या काठी, खाली पंढरपुरात जन्मलेला माणूस मुंबईत सिनेमाचे फलक रंगवत रंगवत १९४७च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये सूझा, रझा, आरा, गाडे, बाकरे यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. पेंटरला हे सांगितलं, तेव्हा त्यानं ब्रश खाली ठेवून मला दोनदा विचारलं, "फलकच रंगवायचे ना ते? आमच्यासारखेच?"

मग फ्लेक्स आला. वर्षा-दोन वर्षांत रंगवलेले बोर्ड उतरले आणि चौकाचौकात छापील चेहरे लागले. माझ्या शाळेतही चित्रकलेचे तास कमी झाले. या दोन्हींचं दुःख मी लपवणार नाही. पेंटरनं इनॅमलचे डबे विकले नाहीत. गाड्यांचे नंबर टाकले, शाळेच्या भिंतींवर बाराखडी लिहिली, ट्रॉल्यांच्या मागं मालकाच्या लेकरांची नावं लिहिली.

शेवटच्या तक्त्यात बाण एकही नाही. नावं विखुरलेली आहेत आणि त्यांच्यामधून घोड, कुकडी, भीमा निळ्या रंगात गेल्या आहेत. मूर कुकडीवर आहे, हुसेन भीमेवर. मोनेला कुठं ठेवावं कळेना, तर एका मुलीनं त्याला पाटसच्या कालव्याजवळ ठेवलं. तिथं संध्याकाळी पाण्यात ऊन उतरतं म्हणाली.

यंदा पोळ्याला पेंटरचा फोन आला, "सर, या, हात कमी पडतायत." गेलो. दारात सहा जोड्या उभ्या होत्या. त्यानं मला पिवळा डबा दिला, आपण तांबडा घेतला. एका म्हाताऱ्या बैलाचं शिंग एका जागी राहीना म्हणून मी डाव्या हातानं धरलं आणि बुडापासून टोकापर्यंत एक रेघ ओढली. ती जरा वाकडी आली. पेंटर म्हणाला, "राहू द्या, त्याच्यावर दुसरी घेऊ."